गोळी बंद केली की लघवीचा त्रास पुन्हा सुरू: पुरुषांनी नेमकं काय तपासायचं?

रात्री तीन-चार वेळा उठावं लागतं. धार बारीक झालीय, सुरू व्हायलाच वेळ लागतो. अधूनमधून जळजळ. डॉक्टरांनी गोळी दिली, दोन महिने बरे गेले, गोळी संपली आणि पुन्हा तेच. मग जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून तीच गोळी आणायची, नाहीतर शेजारच्या काकांना लागू पडलेली दुसरी. असा फेरा वर्षानुवर्षं चालवणारे पुरुष कुठल्याही तालुक्याच्या दवाखान्यात भेटतात.

त्रास परत येण्याचं कारण बहुधा एकच असतं: बिघाड कुठे आहे हे कोणी पाहिलेलंच नसतं. पन्नाशी उलटली असेल तर ‘प्रोस्टेट’ आणि नसेल तर ‘इन्फेक्शन’, अशी दोनच लेबलं आपल्याकडे चालतात. प्रत्यक्षात बिघडण्याच्या जागा तीन आहेत. मूत्रपिंडं लघवी जास्त किंवा भलत्या वेळी तयार करत असतील. लघवीची पिशवी ती नीट साठवत किंवा पूर्ण रिकामी करत नसेल. किंवा बाहेर पडायची वाट कुठेतरी अरुंद झाली असेल. रात्रीचं उठणं या तिन्हींमुळे होतं, पण तिघांवरचं औषध वेगळं आहे.

पुढचं वाचण्याआधी

यातलं काही असेल तर घरी तपासत बसू नका, आजच रुग्णालय गाठा: लघवी पूर्ण तुंबली आहे आणि ओटीपोट फुगून दुखतंय, थंडी वाजून ताप आणि त्यासोबत लघवीचा त्रास, लघवीतून रक्ताच्या गाठी, एका वृषणात अचानक जोराची कळ, किंवा कंबरदुखीनंतर पायातली ताकद कमी होऊन बसायच्या जागेला बधिरपणा आणि त्यातच लघवी अडकली. शेवटच्या प्रकारात मणक्यातल्या नसा दाबल्या गेलेल्या असू शकतात आणि तिथे तासांचा हिशोब असतो.

लघवीतून लालसर रक्त गेलं, दुखलं नाही आणि दुसऱ्या दिवशी आपोआप थांबलं, तरी तपासणी टाळू नका. न दुखता जाणारं रक्त ही पिशवीच्या कॅन्सरची पहिली खूण असू शकते, आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हा कॅन्सर जास्त दिसतो. ‘उष्णता झाली असेल’ म्हणून सोडून दिलेल्या लक्षणांत हे सगळ्यात महागात पडणारं.

तीन दिवस मोजमाप

मापाच्या रेघा असलेला प्लास्टिकचा मग आणा, पन्नास-साठ रुपयांत मिळतो. सलग तीन दिवस प्रत्येक वेळची लघवी त्यात करा आणि वेळ व मिलिलिटर वहीत लिहा. किती वाजता झोपलात, किती वाजता उठलात तेही लिहा. चहा, पाणी, ताक काय आणि किती प्यायलात याची ढोबळ नोंद पुरे. घरचे हसतील. हसू द्या, सोनोग्राफीच्या रिपोर्टपेक्षा या वहीतून कधीकधी जास्त कळतं, आणि खर्च मगाएवढाच.

आता हिशोब. रात्री झोपल्यानंतरची सगळी लघवी आणि सकाळी उठल्यावरची पहिली, यांची बेरीज करा. चोवीस तासांच्या एकूण लघवीपैकी ही बेरीज किती भरते? पासष्टीपुढच्या माणसात ती 33 टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर मूत्रपिंडं रात्री जादा काम करताहेत असं समजायचं. तरुणात ही मर्यादा 20 टक्क्यांच्या आसपास धरतात. म्हणजे रात्री तीनदा उठता आणि दर वेळी मगात तीनशे-साडेतीनशे मिली भरते, तर पिशवी आणि वाट दोन्ही आपलं काम करताहेत. प्रोस्टेटची गोळी इथे काय करणार?

मग पाहायचं ते वेगळंच. संध्याकाळी पायाला सूज येते का? मोज्याचा वळ घोट्यावर उमटून राहतो का? दिवसभर पायात साठलेलं पाणी आडवं झालं की रक्तात परततं आणि मूत्रपिंडं ते रात्री बाहेर काढतात. रक्तदाबासाठी दिली जाणारी ॲम्लोडिपिन ही गोळी अशी सूज आणते, आणि आपल्याकडे ती किती घरांत आहे हे सांगायला नको. हृदयाचं किंवा मूत्रपिंडाचं दुखणं, शिरांचा त्रास यांनीही पाय सुजतात. दुपारी तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडलं तर बराच फरक पडतो. पाणी काढणारी गोळी आधीपासून चालू असेल तर तिची वेळ डॉक्टरांना विचारून दुपारी उशिराची करता येते, म्हणजे तिचा जोर झोपण्याआधी ओसरतो. बरेच जण ती रात्रीच्या जेवणानंतर ‘सगळ्या गोळ्या एकदम’ म्हणून घेतात आणि मग रात्रभर चपला शोधतात.

घोरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. झोपेत श्वास अडकत असेल तर हृदयावर ताण येऊन लघवी वाढवणारं संप्रेरक सुटतं. माणसाला वाटतं लघवीने जाग आली. खरं तर जाग श्वासाने येते आणि आलोच आहोत जागे तर जाऊन येऊ, असं होतं. सकाळी डोकं जड, दिवसा डुलक्या आणि बायकोची घोरण्याची तक्रार हे तिन्ही जुळत असेल तर झोपेची तपासणी करून घ्या.

रात्रीची लघवी कमी करणारं डेस्मोप्रेसिन नावाचं औषध आहे. पण वयस्करांत ते रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत खाली आणू शकतं. रक्ततपासणीशिवाय आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नका.

वहीत दुसरंच चित्र दिसेल: दिवसा काय, रात्री काय, दर वेळी भरपूर, आणि एकूण तीन लिटरच्या वर. वजनाच्या दर किलोमागे 40 मिलीपेक्षा जास्त लघवी म्हणजे जादा, असा हिशोब आहे. 60 किलोच्या माणसाला 2400 मिली. पहिलं काम साखर तपासणं. मधुमेह आधीपासून असेल तर गोळ्यांची नावं पाहा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटेच बाहेर काढतात, तेव्हा लघवी वाढणारच. ती गोळी स्वतःहून बंद करू नका, हृदय आणि मूत्रपिंडासाठीही ती दिलेली असते. फक्त कारण लक्षात घ्या आणि डॉक्टरांशी बोला. आणि काही जणांना कुठल्यातरी व्हिडिओने ‘रोज पाच लिटर पाणी’ शिकवलेलं असतं. त्यांचा रोग पाणी कमी केल्यावर बरा होतो.

तिसरं चित्र: वारंवार, पण दर वेळी थोडीशीच, साठ-सत्तर-शंभर मिली. मोठ्या माणसाची पिशवी सहसा 300 ते 500 मिली धरते. इथे एकतर पिशवी चिडलेली आहे, किंवा ती रिकामीच होत नाही म्हणून लगेच भरते. या दोन शक्यता वेगळ्या करायला सोनोग्राफी लागते, त्याबद्दल खाली. दिवसा दर अर्ध्या तासाला जावं लागतं पण रात्री सलग सात तास झोप लागते, असं असेल तर पिशवीत मोठा दोष असण्याची शक्यता कमी. ताण, सवय, चहाचे सात-आठ कप, बाहेर पडण्याआधी ‘एकदा जाऊनच येऊ’ हा शिरस्ता, यांतच कारण सापडतं.

धार बारीक: वय विचारल्याशिवाय उत्तर नाही

प्रोस्टेट ही ग्रंथी पिशवीच्या तोंडाशी, मूत्रनळीभोवती असते. तरुणपणी साधारण 20 ग्रॅमची. चाळिशीनंतर ती हळूहळू वाढते; पन्नाशीतल्या निम्म्या पुरुषांच्या ग्रंथीत ही वाढ सूक्ष्मदर्शकाखाली दिसते आणि ऐंशीच्या पुढे बहुतेकांच्यात. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे आणि तिचं पुढे कॅन्सरमध्ये रूपांतरही होत नाही, मात्र दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात.

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘ग्रेड टू प्रोस्टेट’ असं वाचून हादरणारे पुष्कळ. तो ग्रेड आकाराचा असतो, त्रासाचा किंवा कॅन्सरचा नाही. 80 ग्रॅमची ग्रंथी घेऊन मजेत फिरणारे आजोबा असतात आणि 30 ग्रॅमवर लघवी तुंबणारेही, कारण ग्रंथी कोणत्या दिशेने वाढली हे आकारापेक्षा महत्त्वाचं. रिपोर्टमध्ये वाचायचा आकडा दुसराच: लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरली. शंभर मिलीच्या आत असेल तर सहसा काळजी नाही. तीनशेच्या वर उरत असेल तर मूत्रपिंडांची तपासणी लागतेच. यात एक मेख आहे. सेंटरवर लिटर-दीड लिटर पाणी पाजून, बाकावर तासभर अवघडून बसवून, मग ‘जाऊन या’ म्हणतात. इतकी ताणलेली पिशवी एका दमात रिकामी होत नाही आणि उरलेल्या लघवीचा आकडा खोटा फुगतो. अशा वेळी पुन्हा एकदा जाऊन या आणि पुन्हा मोजायला सांगा. संकोच करू नका, त्या एका आकड्यावर ऑपरेशनची चर्चा सुरू होते.

धारेचा वेग मोजणारी युरोफ्लोमेट्री ही साधी तपासणी आहे. यंत्राच्या फनेलमध्ये लघवी करायची, बस. सेकंदाला 15 मिलीच्या वर वेग असेल तर बरा, 10 च्या खाली असेल तर अडथळा असण्याची शक्यता मोठी. मात्र निदान 150 मिली लघवी झालेली असली तरच तो आलेख वाचण्याच्या लायकीचा. आणि वेग कमी म्हणजे अडथळाच, असंही नाही. पंधरा-वीस वर्षांच्या मधुमेहाने पिशवीचा स्नायूच दुबळा झालेला असतो, तिची संवेदनाही मंदावते, आणि वाट मोकळी असून धार येत नाही. पार्किन्सन, पक्षाघात, मणक्याची दुखणी यांतही पिशवीच्या नसांचा घोटाळा होतो. अशांना आधी पिशवीच्या दाबाची तपासणी, मग ऑपरेशनचा विचार.

आता पंचेचाळिशीच्या आतल्यांकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त वेळ त्यांचाच वाया जातो. पस्तिशीचा माणूस, धार बारीक, दुभंगलेली, जोर काढावा लागतो, पाच-पाच मिनिटं बसावं लागतं. त्याला वर्षभर इन्फेक्शनच्या गोळ्या दिल्या जातात. विचारायचं हे: पूर्वी कधी अपघात झाला होता का, कमरेचं हाड मोडलं होतं का, कुठल्याही ऑपरेशनच्या वेळी लघवीची नळी घातली होती का, पाण्याच्या पाइपवर किंवा सायकलच्या दांडीवर दोन पाय फाकून आपटला होतात का, लिंगाच्या टोकावर पांढरट कडक डाग आहेत का, शरीरसंबंधानंतर पू गेला होता का? यातल्या एकालाही हो असेल तर मूत्रनळी आतून आकसली असण्याची दाट शक्यता. धारेचा आलेख इथे डोंगरासारखा न चढता सपाट पठारासारखा येतो. नक्की निदान आरजीयू नावाच्या एक्स-रेने होतं. नळीत औषध सोडून फोटो काढतात.

आकसलेली नळी गोळीने मोकळी होत नाही. दुर्बिणीतून चिरून वाट करता येते, पण अरुंद भाग लांब असेल तर ती पुन्हा आकसते, आणि पहिल्यांदा परत आलेली दुसऱ्यांदा चिरली की परत यायची शक्यता आणखी वाढते. ‘दर सहा महिन्यांनी नळी रुंद करून घ्यायची’ असा वर्षानुवर्षांचा करार करून बसलेल्या माणसाने एकदा तरी युरेथ्रोप्लास्टी करणाऱ्या सर्जनचं मत घ्यावं. या शस्त्रक्रियेत गालाच्या आतलं अस्तर घेऊन नळीला जोड देतात. यातलं जगभर वापरलं जाणारं एक तंत्र पुण्याचं आहे: डॉ. संजय कुलकर्णी यांनी इटलीतल्या सहकाऱ्यांसोबत 2009 मध्ये ते मांडलं. त्यात नळी एकाच बाजूने मोकळी करतात, दुसऱ्या बाजूच्या नसा आणि रक्तपुरवठा तसाच राखतात. तंबाखू आणि गुटखा खाणाऱ्यांच्या वाट्याला इथे एक जादा अडचण येते. त्यांच्या गालाचं अस्तर पांढरं, कडक झालेलं असतं, जोड द्यायला चांगला तुकडाच मिळत नाही.

जळजळ पुन्हा पुन्हा

मे महिन्यात उन्हाळी लागली, दोन दिवस धने-जिऱ्याचं पाणी प्यायलं, बरं वाटलं, विषय संपला. इथपर्यंत काही बिघडत नाही. पाणी कमी पडल्यावर घट्ट झालेली लघवी जळजळतेच. पण जळजळ परत परत येत असेल तर पहिला नियम: अँटिबायोटिक सुरू करण्याआधी लघवीचं कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखायची तपासणी. नुसत्या साध्या तपासणीत ‘पस सेल 8 ते 10’ पाहून गोळ्या सुरू केल्या की जंतू कोणता होता, होता की नव्हता, हे कायमचं गुलदस्त्यात राहतं.

बायकांना मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग सहज होतो, पुरुषांची नळी लांब असल्याने त्यांना तो सहजी होत नाही. झालाच तर त्यामागे काही असण्याची शक्यता धरून चालायचं: पिशवीत उरणारी लघवी, खडा, आकसलेली नळी किंवा प्रोस्टेटमध्ये मुक्काम ठोकलेले जंतू. शेवटच्या प्रकारात औषधाची निवडही चुकते. नायट्रोफ्युरँटोइन पिशवीतल्या संसर्गाला उत्तम, पण प्रोस्टेटच्या आत पुरेसं पोचतच नाही. म्हणून पाच दिवस बरं वाटतं आणि महिन्याने तोच जंतू परत. प्रोस्टेटच्या दीर्घ जंतुसंसर्गाला चार ते सहा आठवडे औषध लागतं. तीन दिवसांत बरं वाटलं म्हणून पट्टी अर्धवट टाकणाऱ्याला हे कोणी सांगितलेलं नसतं.

उलट बाजूही तितकीच खरी. तिशी-चाळिशीतला माणूस, ओटीपोटात आणि वृषणामागे सतत ठणकतं, बसलं की वाढतं, वीर्यपतनानंतर दुखतं, लघवी वारंवार, आणि कल्चर दर वेळी कोरं. याला ‘जुनाट प्रोस्टेटायटिस’ म्हणून अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स दिले जातात. बहुतेकांत जंतू नसतातच; ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडलेले असतात, नसा हळव्या झालेल्या असतात. स्नायू सैल करायची फिजिओथेरपी, तासन्‌तास एका जागी न बसणं, बद्धकोष्ठ काढणं, गरजेपुरती अल्फा ब्लॉकर (पिशवीच्या तोंडाचे स्नायू सैल करणारी गोळी) आणि वेदनेची औषधं या वाटेने हळूहळू उतार पडतो. लवकर नाही, महिने लागतात.

लघवीत पू दिसतो, कल्चरमध्ये काही येत नाही, वारंवारता वाढतच चाललीय: हे त्रिकूट भारतात दिसलं की क्षयाचा विचार झालाच पाहिजे. क्षय फक्त छातीचा नसतो. मूत्रपिंडातून तो पिशवीत उतरतो, पिशवी आकसून लहान होत जाते आणि माणूस दर वीस मिनिटांनी धावतो. नेहमीच्या कल्चरमध्ये क्षयाचे जंतू उगवत नाहीत. सलग तीन दिवस पहाटेची पहिली लघवी क्षयाच्या तपासणीला पाठवावी लागते. उपचार सरकारी केंद्रात मोफत आहेत. पण उशीर झाला तर जंतू मेले तरी आकसलेली पिशवी आकसलेलीच राहते.

मूत्रपिंडातला खडा खाली सरकून, वरची नळी पिशवीत उतरते तिथे अडकला की कंबर फार दुखत नाही, फक्त सारखी लघवीची भावना आणि लिंगाच्या टोकाला झोंबल्यासारखं. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात राबणाऱ्याला, पाणवठ्याची सोय नसलेल्या ट्रकचालकाला हा संशय आधी घ्यावा. आणि तरुणाला पू जात असेल तर लाजून मेडिकलवाल्याकडे जाऊ नका. शरीरसंबंधातून आलेल्या जंतूंना ठरावीक औषधं आहेत आणि जोडीदारालाही ती घ्यावी लागतात, नाहीतर तोच रोग दोघांत फिरत राहतो.

गोळ्यांचा हिशोब

टॅम्सुलोसिन 0.4 मिलिग्रॅम, अल्फुझोसिन 10, सिलोडोसिन 8 ही अल्फा ब्लॉकर मंडळी. ती पिशवीच्या तोंडाशी असलेले स्नायू सैल करतात. काही दिवसांत फरक कळतो. ग्रंथीचा आकार मात्र तसूभरही कमी होत नाही. म्हणून गोळी बंद केली की स्नायू पुन्हा आवळतात आणि त्रास परततो. यात औषध ‘लागू पडलं नाही’ असं काही नाही, रक्तदाबाच्या गोळीसारखं ते चालू असेपर्यंतच चालतं. उठताना चक्कर येते, म्हणून रात्री घ्या आणि पहाटे उठताना आधी काठावर बसा. वीर्य कमी किंवा कोरडं पडतं, सिलोडोसिनने सगळ्यात जास्त. ते अपायकारक नाही, पण मूल हवं असलेल्याने आधी सांगावं. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर डोळ्याच्या डॉक्टरांना या गोळीबद्दल नक्की सांगा, पूर्वी घेऊन बंद केली असली तरी. हिच्यामुळे ऑपरेशनच्या वेळी बुबुळाचा पडदा ढिला पडतो, आणि आधी माहीत असेल तर ते तयारीने उतरतात.

फिनास्टेराइड 5 आणि ड्युटास्टेराइड 0.5 यांचं काम वेगळं. त्या ग्रंथी लहान करतात, साधारण पाव हिश्शाने, पण त्याला तीन ते सहा महिने जातात. मोठ्या ग्रंथीवरच त्यांचा उपयोग. दोन महिन्यांत फरक नाही म्हणून सोडणारे सगळा खर्च पाण्यात घालतात. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एमटॉप्स या अमेरिकेतल्या अभ्यासात तीन हजारांवर पुरुषांना सरासरी साडेचार वर्षं पाहिलं: दोन्ही प्रकारची औषधं एकत्र घेणाऱ्यांत आजार बळावण्याची जोखीम 66 टक्क्यांनी घटली, एकेकटं घेणाऱ्यांत 34 ते 39 टक्क्यांनी. कामेच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं हे काहींना होतं. घरात गरोदर बाई असेल तर फुटलेल्या गोळीला तिने हात लावू नये.

आणि एक गोष्ट फाइलवर ठळक लिहून ठेवा. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड सहा महिने घेतल्यावर पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरचा संशय पाहायच्या रक्ततपासणीचा, आकडा निम्मा होतो. रिपोर्टमध्ये 2.5 आला तर तो 5 समजून वाचायचा. केस गळतात म्हणून 1 मिलिग्रॅमची फिनास्टेराइड घेणाऱ्यांनाही हे लागू आहे, आणि ते डॉक्टरांना सांगायचं त्यांच्या डोक्यातही येत नाही. जंतुसंसर्ग झाला असेल किंवा नळी घातली असेल तर पीएसए खोटा वाढतो. सहा आठवडे थांबून मग करा. तपासणीच्या आधीचे दोन दिवस वीर्यपतन आणि सायकल टाळा.

पिशवी चिडलेली असेल, घाई होऊन कपडे ओले होत असतील, तर सोलिफेनासिन किंवा मिराबेग्रॉन. पण आधी पिशवीत किती उरते ते पाहिलेलं हवं, नाहीतर सोलिफेनासिनसारख्या गोळीने लघवी तुंबते, आणि वयस्करांत विस्मरण-गोंधळही वाढतो. टाडालाफिल 5 रोज घेऊन काहींना लघवी आणि ताठरता ही दोन्ही कामं साधतात, मात्र छातीच्या दुखण्यासाठी जिभेखालची गोळी ठेवणाऱ्याने तिला हात लावू नये.

तुंबण्यावरून आठवलं. पावसाळ्यात सर्दी होते, मेडिकलमधून सर्दीची पट्टी येते, दुसऱ्या रात्री आजोबांची लघवी बंद. त्या पट्टीत फेनिलएफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन असतं. पहिलं पिशवीचं तोंड आवळतं, दुसरं पिशवीचा स्नायू ढिला करतं. झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेली ॲमिट्रिप्टिलीनही असंच करते. त्यात बद्धकोष्ठ आणि लग्नातले दोन पेग असले की ठरलेलंच. नळी घालून लघवी काढतात, अल्फा ब्लॉकर सुरू करतात आणि दोन-तीन दिवसांनी नळी काढून पाहतात. बऱ्याच जणांची लघवी तेव्हा सुरू होते. तेवढ्यावर ऑपरेशनची तारीख घेण्याची घाई नको.

एक लहान तक्रार, एक मोठी

लघवी झाली, चेन लावली आणि दोन थेंब कपड्यात. याला औषध लागत नाही. नळीच्या वळणात थोडी लघवी राहते. झाल्यावर वृषणामागची जागा दोन बोटांनी दाबत पुढे आणायची, नळी रिकामी होते. वायू रोखताना आवळतो तसे तळाचे स्नायू आवळायचा व्यायामही उपयोगी.

आयुर्वेदात गोखरू, वरुण सांगितलेले आहेत, वैद्याच्या सल्ल्याने कोणी घ्यावं, पण वरच्या तपासण्या टाळून नव्हे. परदेशी सॉ पाल्मेटोच्या महागड्या कॅप्सूल मात्र घेऊ नका: 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिप्पट मात्रा देऊनही ती नुसत्या पोकळ गोळीहून सरस ठरली नाही.

मोठी तक्रार ही: सत्तरीतला माणूस, दिवसा विशेष त्रास नाही, आणि अलीकडे अंथरूण ओलं होऊ लागलंय. घरात कुजबुज होते, म्हातारपण म्हणून रबरी कापड अंथरतात. बहुतेकदा त्याची पिशवी पूर्ण भरून, न दुखता, वरून सांडत असते. अशी भरलेली पिशवी मागे दाब टाकून मूत्रपिंडं निकामी करते. त्याच दिवशी क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची रक्ततपासणी) आणि सोनोग्राफी. या एका लक्षणाला मी कुणालाही आठवडाभराचीही मुदत देत नाही.

ऑपरेशन केव्हा

नळी काढल्यावर लघवी सुरूच होत नाही, वारंवार जंतुसंसर्ग, पिशवीत खडे, थांबत नाही असा रक्तस्राव, मूत्रपिंडावर परिणाम: इथे गोळ्यांवर रेटणं बरोबर नाही. औषधं चालू असूनही जगणं कठीण झालं असेल, तर तेही कारण पुरेसं. त्रास किती हे मोजायला आयपीएसएस नावाची सात प्रश्नांची यादी आहे, एकूण गुण 35. सातपर्यंत सौम्य, 8 ते 19 मध्यम, त्यापुढे तीव्र. या सातांशिवाय, गुणांत न धरला जाणारा आठवा प्रश्न मला सगळ्यात कामाचा वाटतो: असंच आयुष्यभर राहिलं तर तुम्हाला कसं वाटेल? त्याचं उत्तर रुग्णाने द्यायचं, मुलाने किंवा डॉक्टरने नाही.

टीयूआरपी म्हणजे दुर्बिणीतून ग्रंथी आतून तासून काढणं. मोठ्या ग्रंथीला होल्मियम लेझर सोयीचं. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियाही आहेत, तुमची बसते का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. ऑपरेशनने धार सुधारते. रात्री जादा लघवी तयार होत असेल तर रात्रीचं उठणं मात्र राहतं, म्हणून ती तीन दिवसांची वही ऑपरेशनच्या आधीच दाखवा. बहुतेकांचं वीर्य नंतर बाहेर न येता पिशवीत जातं. हे आधी सांगितलेलं नसेल तर पुढे भांडणं होतात.

घरी आल्यावर दहा-बारा दिवसांनी खपली पडून पुन्हा लाल लघवी होऊ शकते. भरपूर पाणी, जड उचलणं बंद, शौचाला जोर नाही. गाठी पडू लागल्या किंवा लघवी अडली तर परत रुग्णालय. काढलेल्या तुकड्यांचा पेशीतपासणीचा रिपोर्ट आठवड्याने येतो आणि अनेक घरांत तो आणायलाच कोणी जात नाही. तो आणा, फाइलला लावा. ग्रंथीचं बाहेरचं कवच आत तसंच राहिलेलं असतं, त्यामुळे पुढे पीएसए कधी करायचा हे त्याच भेटीत ठरवून घ्या.